ताप उतरला त्या दुपारी

मी गाव सोडलं त्या सकाळी आई कापूस वेचायला गेली होती. रागानं नाही. आदल्या दिवशीच तिनं सांगून ठेवलं होतं, "मी गाडीपाशी उभी राहणार नाई. उभी राह्यली तं तुले जाऊ द्याची नाई." बाबा आणि धाकटा भाऊ राहुल मला नागपूरच्या विमानतळावर सोडायला निघाले. आमचं तीन एकराचं शेत वडनेरहून हिंगणघाटकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला लागूनच आहे. तिथं आल्यावर मी ड्रायव्हरला गाडी हळू करायला सांगितली. आठ-दहा बायांच्या ओळीत आई पाठमोरी वाकलेली होती. कमरेची ओटी कापसानं फुगलेली. राहुलनं हॉर्न वाजवायला लावला. बाकीच्या बाया वळल्या, त्यांनी हात हलवले. आई वळली नाही. मागाहून वळली असेल तर मला दिसलं नाही, कारण तोवर गाडी पुढं गेली होती.

विमानतळाच्या दाराशी बाबांनी बॅग माझ्या हातात दिली. ते गावातल्या शाळेत शिपाई होते. आयुष्यभर त्यांनी हेडमास्तरांच्या खोलीबाहेर स्टुलावर बसून काढलं. "तिथं कोनापुढं दबून राहू नको," ते म्हणाले, "अन् इकडची फिकर करू नको."

पहिलं मला हळूहळू जमलं. दुसरं कधीच जमलं नाही.

मी नर्स आहे. नागपूरच्या एका दवाखान्यात सहा वर्षं काम करून इंग्लंडला आले, उत्तरेकडच्या एका जुन्या गिरण्यांच्या शहरात. चार वर्षं वॉर्डात उभं राहून काम केलं. मग एका जाड पेशंटला उचलून कुशीवर वळवताना पाठीत काहीतरी सरकलं आणि मला बसून करायचं काम शोधावं लागलं. तेव्हापासून मी फोनवर सल्ला देते. एका मोठ्या हॉलमध्ये आम्ही तीसेक जणी बसतो. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन. माणसं फोन करतात, त्यांना काय होतंय ते सांगतात, स्क्रीनवर प्रश्न येतात ते मी विचारते, आणि शेवटी ठरवते की यांनी घरी राहायचं, डॉक्टरकडं जायचं की ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलवायची. पहिले काही महिने लोकांना माझे उच्चार कळत नसत आणि मला त्यांचे. एक म्हातारी तर मला म्हणाली होती, बाळा, तिथं कोणी इथलं माणूस आहे का? आता तीच माणसं मला 'लव्ह' म्हणतात. इथं भाजीवालाही गिऱ्हाइकाला 'लव्ह' म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे कान तापले होते.

या कामात डोळ्यांचा उपयोग नसतो. म्हणून कान तयार होतात. मुलाचा खोकला फोनमधून कसा ऐकायचा, बोलणाऱ्याला वाक्याच्या मध्येच धाप लागतेय का, हे कळू लागतं. आमची प्रमुख जॅनेट म्हणून आहे, साठीच्या जवळची, तोंडानं फटकळ. तिनं मला पहिल्या आठवड्यात सांगितलेलं एक मी कधी विसरले नाही. आई जेव्हा म्हणते की माझं मूल नेहमीसारखं नाही, पण काय बिघडलंय ते तिला सांगता येत नाही, तेव्हा स्क्रीनकडं बघायचं नाही. त्या आईवर विश्वास ठेवायचा.

या कामाचा एक त्रास आहे. फोन ठेवला की पुढचं कळत नाही. ते मूल वाचलं का, ती म्हातारी घरी आली का, काही नाही. दुसरा फोन वाजतो. मी याची सवय करून घेतली होती.

घरच्या फोनचंही तसंच झालं होतं, फक्त उलट्या बाजूनं. माझ्यासारखे जे निघून आले आहेत त्यांना हे सांगावं लागणार नाही. दर रविवारी फोन व्हायचा आणि दर रविवारी सगळं बरं असायचं. बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं ते मला पंधरा दिवसांनी कळलं. मोठे मामा गेले ते तेराव्या दिवशी. "तू तिथं एकटी, तुले काऊन त्रास द्याचा," असं आई म्हणायची. तुम्ही जे तिथं राहिलात ते हे मायेनंच करता, मला ठाऊक आहे. पण तुम्हाला हे ठाऊक नसेल की त्यामुळं आम्ही 'बरं आहे' या शब्दावर विश्वास ठेवायचं सोडून देतो. आम्ही तो म्हणणाऱ्याचा आवाज तपासत बसतो. आणि अवेळी घरचा फोन आला, की उचलायच्या आधीच मनात एकेकाला मारून टाकलेलं असतं.

जानेवारीतला बुधवार होता. सकाळी पावणेदहाला मी चहाच्या सुट्टीत आले आणि लॉकरमधून मोबाइल काढला. मी साठवून न ठेवलेल्या एकाच भारतातल्या नंबरावरून तीन मिस्ड कॉल होते. तिकडं तेव्हा दुपारचे सव्वातीन. बाबा, असं माझ्या मनात आलं. बाबा गेले आणि कुणीतरी शेजारी फोन करतोय. मी उभ्या उभ्याच नंबर लावला.

पलीकडून अश्विनी बोलली. अश्विनी म्हणजे राहुलची बायको. बावीस वर्षांची, गोरीपान, अबोल. ती लहान असतानाच तिची आई वारली, त्यामुळं पहिलं बाळंतपण माहेरी न होता आमच्याकडंच झालं होतं. चोवीस दिवसांपूर्वी तिला मुलगी झाली होती. अश्विनीला मी प्रत्यक्ष फक्त लग्नात भेटलेली. रविवारी व्हिडिओत ती क्षणभर यायची, हसायची आणि बाजूला व्हायची. तिनं आपण होऊन मला कधीच फोन केला नव्हता.

"ताई, कामात होत्या का तुमी?" असं तिनं आधी विचारलं. ती कुजबुजत होती. मागच्या अंगणात, मोरीच्या आडोशाला उभी राहून बोलत होती, हे मला नंतर कळलं.

मग ती म्हणाली, काल बाळाला ताप आला होता. आईंनी अंग पुसून काढलं. आज सकाळी ताप उतरला. तेव्हापासून बाळ निवांत झोपून आहे. घरात सगळे म्हणतात, बरी झाली.

"पण ताई," ती थांबली. "मले ते माझी पोरगी नाई वाटून राह्यली."

मी खुर्ची ओढून बसले. शेवटचं दूध कधी प्यायली, मी विचारलं. सकाळी, ती म्हणाली. आता तोंडात दिलं तर ओठ लावते आणि सोडून देते. ओढत नाही. लघवी? दुपटं सकाळपासून कोरडं. रडते का? रडत नाही, मधूनच कण्हते. अंग कसं लागतंय हाताला?

"थंड हाय. पाय तं लयच थंड. आई म्हणतात, थंडीचे दिवस हायत."

जे या कामातले नाहीत त्यांच्यासाठी एवढं सांगते. महिन्याच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी ते दवाखान्यात नेण्याचंच कारण असतं. आणि तो ताप आपोआप उतरून बाळ थंड पडलं, दूध सोडलं, रडायचं थांबलं, तर ते बरं होणं नसतं. शरीरानं लढायचं सोडलेलं असतं. घरात सगळ्यांना सकाळपासून ज्याचा आनंद झाला होता, तीच सगळ्यात वाईट बातमी होती.

अनोळखी बाई असती तर मी तीन वाक्यांत काम संपवलं असतं. इथं माझ्यासमोर स्क्रीन नव्हता आणि तोंडात शब्द नव्हते. बाळांच्या श्वासाबद्दल मी हजारदा बोलले असेन, पण सगळं इंग्रजीत. छातीच्या खाली कातडी आत ओढली जाते त्याला आमच्या घरी काय म्हणतात? मी अर्धं वाक्य इंग्रजीत बोलून गेले आणि अश्विनी म्हणाली, काय ताई? मग आपोआप तोंडातून निघालं, "छातीखाली खड्डा पडून राह्यला का, श्वास घेते तवा?"

"पडून राह्यला," ती म्हणाली.

मी तिला व्हिडिओ लावायला सांगितला. तो लागला, आणि बाळाचा चेहरा दिसला. फिकट, ओठांभोवती सावळी कडा, डोळे मिटलेले. बाळ अजिबात हलत नव्हतं. मी बघत राहिले आणि मला कळेना की बाळ हलत नाही की चित्रच अडकलं आहे. किती वेळ गेला ते सांगता येत नाही. मग चित्र एकदम सरकलं, अश्विनीचा खांदा दिसला, आणि पुन्हा थिजलं. मी व्हिडिओ बंद करायला लावला. मला कानच बरे.

"अश्विनी, तिचं पोट उघडं कर. पोटावर नजर ठेव. पोट वर आलं का एक म्हन, परत आलं का दोन. मोठ्यानं म्हन, कोनी आयकलं तं आयकू दे."

मी भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडं बघत होते. ती मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार. तिचे आकडे एकमेकांवर आदळत होते, इतक्या वेगानं. या वयाच्या बाळाचे मिनिटाला साठ म्हणजे धोका. चाळीस सेकंदांतच ती एकावन्नवर आली आणि गप्प झाली.

"काऊन थांबली?"

"मी नाई थांबली ताई. ते थांबली."

काटा पाच घरं पुढं गेला. सहा. सात. मग तिचा आवाज आला, बावन्न.

मी मोजणं थांबवलं. बाळाला तुझ्या अंगाशी धर, कपड्यांच्या आत, कातडीला कातडी लागेल असं, डोक्यावर टोपरं, वरून शाल, पण नाकतोंड मोकळं ठेव, हे सगळं मी तिला एका दमात सांगितलं. आणि म्हटलं, आईला फोन दे.

आईनं फोन घेतला तो अश्विनीवर चिडतच. पोरगी कामावर असते, तिला कशाला फोन करायचा. मग मला म्हणाली, काही नाही, ताप होता तो उतरला, ही उगाच घाबरते, पहिलटकरीण आहे. मी म्हटलं, आई, आत्ताच्या आत्ता हिंगणघाटच्या दवाखान्यात निघा. ती म्हणाली, राहुल येऊ दे. राहुल बुटीबोरीच्या एका कारखान्यात कामाला जातो, तिथं फोन गेटवर जमा करतात. तो संध्याकाळी येणार होता. मी म्हटलं, तोवर थांबायचं नाही.

"चार लेकरं वाढवली मी," आई म्हणाली. "ताप उतरला का लेकरू झोपते. थंडी हाय, धुळीचा रस्ता हाय, एवढूसं लेकरू कुठं नेता. तू तिथं बसून सांगून राह्यली. तुले इथलं काय दिसते?"

ते लागलं. लागणारच होतं, कारण दहा वर्षं मी स्वतःला तेच विचारत होते. ज्या घरात मामा गेल्याचं मला तेरा दिवसांनी सांगतात, त्या घरात मी कुठल्या अधिकारानं कुणाला उठून चालायला सांगत होते?

पण वेळ नव्हता. मी म्हणाले, "आई, मले काईच दिसत नाई. मी आयकलं. तिचा श्वास मधातच थांबून राह्यला. मी तुले सांगतो, आता नाई निघाले तं संध्याकाळपर्यंत नाई राहाची ते."

'मी सांगतो' असंच म्हणाले. आमच्याकडं बायाही तसंच बोलतात. नागपूरला शिकायला गेल्यावर मी 'सांगते' म्हणायला शिकले होते, आणि ते इतकं अंगी बाणलं होतं की लहानपणीची बोली गेली असंच मला वाटत होतं.

मागं कुठंतरी बकरी ओरडत होती. मग आईचा आवाज आला, पण फोनपासून लांब, बाबांना उद्देशून. "अवं, स्टँडवरून गाडी आना. जे दिसन ते आना."

बाबा चपला न घालता गेले. स्टँडवर हिंगणघाटची काळीपिवळी जीप भरत आली होती. सात-आठ माणसं आधीच बसली होती. बाबांनी काय सांगितलं कोण जाणे, पण सगळी उतरली. एक बाई, जिला आम्ही कुणी ओळखत नाही, तिनं आपली जाड शाल काढून सीटवर ठेवली. ती शाल अजून आमच्या घरी आहे. परत कुणाला करायची ते कळलं नाही.

गाडी निघाली तेव्हा फोन चालूच होता. अश्विनीचे दोन्ही हात बाळाला धरून होते, म्हणून फोन आईच्या हातात. ती विचारत होती, तोंडात थोडं साखरपाणी घालू का. मी म्हटलं, काही म्हणजे काही घालायचं नाही, श्वासनळीत जाईल. मग मी तिला काम दिलं. बाळाच्या पोटावर हात ठेव. श्वास थांबला की तळपायावर टिचकी मार, पाठ चोळ, श्वास घेतला की मला सांग.

पुढची वीसेक मिनिटं आईचे दोनच शब्द मी ऐकले. इंजिनाचा आवाज, मोठ्या गाड्यांचे हॉर्न, आणि त्यातून आईचा आवाज, "थांबला." मग काही नाही. मी टेबलाची कड धरून ठेवलेली. मग, "घेतला." थोडा वेळ बरा जायचा. अश्विनीच्या रडण्याचा आवाज यायचा. बाबा ड्रायव्हरला काहीतरी सांगायचे. पुन्हा, "थांबला." टिचकीचा आवाजसुद्धा मला ऐकू आला असं वाटतं, पण तो कसा येईल. "घेतला." असं चारदा झालं.

पाचव्यांदा आई म्हणाली, "थांबला." आणि फोन कट झाला.

मी परत लावला. फोन बंद. परत लावला. दहावेळा, वीसवेळा. राहुलच्या कारखान्याच्या गेटवरचा फोन कुणी उचलेना. मग मी बाबांचा नंबर लावला. तो वाजला. वाजतच राहिला, कुणी घेतला नाही, आणि माझ्या लक्षात आलं की बाबा मोबाइल घरीच फळीवर विसरून गेले आहेत. तरी मी तो पुन्हा पुन्हा लावत राहिले. निदान आमच्या घरात काहीतरी वाजत होतं.

जॅनेट मला शोधत आली. मी तिला कसंबसं सांगितलं. ती म्हणाली, घरी जा. मी म्हटलं, घरी एक खोली आहे, तिथं जाऊन मी काय करू, मला कॉल घेऊ दे. तिनं नकार दिला. ती माझ्यासमोर बसली, तिचं काम सोडून, आणि तिनं एकही धीराचं वाक्य उच्चारलं नाही. आम्ही दोघी एकाच धंद्यातल्या. बाळाचं वय, श्वास, थंड पाय हे ऐकल्यावर काय होऊ शकतं ते तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं. तिनं चहा आणला, तो निवला, तिनं दुसरा आणला.

एक तास पन्नास मिनिटं माझ्या कानात आईचा एकच शब्द होता.

मग एका परक्या नंबरावरून बाबांचा फोन आला. ते नेहमीसारखं हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात बोलत होते. हिंगणघाटला डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, सुई दिली, आता ॲम्ब्युलन्सनं वर्ध्याला चाललो आहोत, सोबत सिस्टर आहे, हे सगळं त्यांनी क्रमानं सांगितलं. मी मध्येच विचारलं, बाळ?

"हाय," बाबा म्हणाले.

मी फोन टेबलावर ठेवला आणि जॅनेटच्या खांद्यावर डोकं टेकलं.

बाळाच्या रक्तात जंतू झाले होते आणि ते मेंदूच्या आवरणापर्यंत पोचले होते. वर्ध्याच्या दवाखान्यात ती एकवीस दिवस होती. त्यातले पहिले सहा दिवस डॉक्टर काहीच सांगायला तयार नव्हते. मला सुट्टी मिळत होती, पण राहुल म्हणाला, ताई, तू आली तं आत सोडत नाहीत, फोनवरच राहा. मग मी फोनवरच राहिले. घरचे डॉक्टरांनी दिलेल्या कागदांचे फोटो पाठवायचे आणि मी त्यांना एकेक ओळ समजावून सांगायची. त्या एकवीस दिवसांत माझ्याशी कुणीही 'बरं आहे' म्हणून खोटं बोललं नाही. वाईट होतं तेव्हा वाईट सांगितलं.

मुलगी वाचली. तिचं नाव मैत्री. उजव्या कानानं तिला जवळजवळ ऐकू येत नाही. हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर गोष्ट खोटी होईल.

पुढच्या हिवाळ्यात मी घरी गेले. मैत्री तेव्हा अकरा महिन्यांची होती, धरून उभी राहायची. अश्विनी पहिल्या दिवशी माझ्या गळ्यात पडली आणि मग दिवसभर बोलतच राहिली, इतकं की राहुल म्हणाला, ही एवढं बोलते हे मला माहीत नव्हतं. आई मात्र त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढेना. मला काय आवडतं ते रांधत होती, माझ्या पाठीला तेल लावत होती. मीही विषय काढला नाही.

एका दुपारी ती अंगणात सुपात तूर पाखडत बसली होती. मी शेजारी बसले होते. तिनं सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "त्या दिवशी फोन कटला, ते मले माहीतच नाई पडलं."

मी तिच्याकडं वळले.

"मी बोलतच राह्यली तुयाशी. दवाखान्याच्या दारापर्यंत. घेतला, थांबला, घेतला. तू आयकून राह्यली म्हनून मले धीर होता. मंग राहुलनं सांगतलं का चार्जिंग संपून फोन कवाचाच बंद होता."

म्हणजे मी जो शब्द एक तास पन्नास मिनिटं कानात घेऊन बसले होते, त्याच्या पुढचा शब्द तिनं लगेचच उच्चारला होता. तो फक्त माझ्यापर्यंत पोचला नाही.

मग ती म्हणाली, "मी तुले म्हटलं होतं, तुले इथलं काय दिसते."

मी म्हटलं, जाऊ दे आई.

"खरंच तं होतं. तुले दिसत नव्हतं. मले दिसत होतं, अन् मी पाह्यलं नाई." तिनं सूप पुन्हा उचललं, पण पाखडलं नाही. "ते मोजणं मले शिकव."

मी भिंतीवरचं घड्याळ काढून आणलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मैत्री झोपली होती. तिच्या पोटावर नजर ठेवून आई मोजू लागली. पहिल्यांदा तिचं लक्ष काट्याकडं गेलं की पोटाकडचं सुटायचं. चौथी शिकलेली बाई, पण आकड्यांत पक्की. चौथ्या-पाचव्या खेपेला तिचा आणि माझा आकडा जुळला. दोन महिन्यांच्या आत साठ, वर्षाच्या आत पन्नास, आणि बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचे, हे मी सांगितलं. तिनं दाराच्या मागं खडूनं लिहून ठेवलं. अश्विनी चौकटीत उभी राहून बघत होती. ती म्हणाली, आई, त्या दिवशी मी मोजताना चुकली असती तं? आई म्हणाली, आता दोघी मोजू.

याला आता दोन वर्षं होतील. गल्लीतल्या बाया लेकरू किरकिरलं की आईकडं घेऊन येतात. ती घड्याळ काढते, मोजते. काही नसलं तर परत पाठवते, आणि शंका आली तर मला फोन लावते.

गेल्या महिन्यात मी कामाला निघाले होते, बसमध्ये होते, आणि आईचा फोन आला. अवेळी आलेल्या फोनची भीती माझी अजून गेलेली नाही, जाणारही नाही. उचलला.

"पल्याडच्या गल्लीतलं लेकरू, पंधरा दिवसाचं," आई म्हणाली. "अडुसष्ट मोजले. दोनदा मोजले. अश्विनीनंबी मोजले. पाठवलं त्यायले हिंगणघाटले, गाडी गेली आता."

मी विचारलं, दूध ओढत होतं का, अंग गरम की थंड. तिनं सगळं सांगितलं. मी आणखी काही सांगणार तेवढ्यात ती म्हणाली, "तुले विचाराले नाई फोन केला. सांगाले केला. तुले कामाले उशीर होत असन, ठेवतो."

तिनं ठेवला. मी मोबाइल हातात धरून बसून राहिले आणि माझा थांबा मागं गेला. त्या बाळाचं तोंड मी पाहिलं नव्हतं. त्याच्या आईचं नावही मला माहीत नव्हतं. तरी माझे तळहात ओले झाले होते आणि पुढचा फोन येईपर्यंत ते तसेच राहणार होते.

इथं रोज मी तीस-चाळीस घरांतल्या लेकरांची चौकशी करते. नीट करते, मन लावून करते. पण तळहात ओले होत नाहीत. तुमचं घर कुठं आहे असं इथं मला बरेचदा विचारतात, आणि मी राहते त्या गल्लीचं नाव सांगते. त्या सकाळी कुणी विचारलं असतं तर मी दुसरं उत्तर दिलं असतं.